आजारपणाची थकबाकी



नागरी सहकारी बँकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचे आभार, आणि ज्यांनी विरोध केला नाही त्यांचे थोडे जास्त आभार. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘नागरी बँकिंग : आढावा आणि आव्हाने’ असं छापलं आहे. आढाव्याचे आकडे तुमच्या पिशवीतल्या स्मरणिकेत आहेत, ते सवडीने वाचा. आव्हानांपैकी मी एकच घेणार आहे. कर्ज विभागात उभी हयात गेली. त्या एका आव्हानाबद्दल बोलायला एवढं मोठं व्यासपीठ आज मिळालं, ते मी आढाव्यात घालवणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. घरात आजारपण आलं म्हणून थकलेला हप्ता माणसाच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये जाता कामा नये, आणि गेलाच असेल तर पुढचं कर्ज देताना आपण तो त्याच्याविरुद्ध धरता कामा नये.

लगेच कोणीतरी म्हणेल, साहेब, हा अमेरिकेचा प्रश्न, आपल्याकडे हॉस्पिटलचं बिल सिबिलला जात नाही. बरोबर आहे. तिकडे थकलेलं बिल वसुली कंपनीकडे जातं आणि तिथून रिपोर्टमध्ये. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोने २०१४ मध्येच अभ्यास करून सांगितलं की, असं बिल ज्याच्या नावावर आहे तो माणूस तेवढ्याच स्कोअरच्या इतरांपेक्षा कर्ज नीट फेडतो. म्हणजे स्कोअर त्याला उगाच खाली ओढतो. पुढे २०२२-२३ मध्ये तिन्ही मोठ्या क्रेडिट रिपोर्ट कंपन्यांनी फेडलेली बिलं आणि पाचशे डॉलरच्या आतली बिलं आपणहून काढून टाकली. जानेवारी २०२५ मध्ये ब्यूरोने सगळीच बिलं वगळण्याचा नियम केला. दीड कोटी माणसांची, ४९ अब्ज डॉलरची बिलं त्याने रिपोर्टमधून गेली असती. त्याच वर्षी जुलैमध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला, कायद्याने तुम्हाला एवढा अधिकारच नाही म्हणून. न्यूयॉर्क आणि कोलोरॅडो या राज्यांनी त्याआधीच, २०२३ मध्ये, आपापले कायदे केले होते. म्हणजे तिकडे निदान भांडण तरी उघड चालू आहे.

आपल्याकडे भांडणच नाही, कारण आपल्याकडे आजारपण नाव बदलून येतं. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. हा खिसा कुठून भरतो, ते सोनेतारणाच्या काउंटरवर बसलेल्याला विचारा. काखेत एक्स-रेचं पाकीट, हातात डिपॉझिटचा आकडा लिहिलेली चिठ्ठी, आणि व्हॅल्युअर बांगड्या घासत असताना सारखी मोबाइलकडे जाणारी नजर. बाकीचे पर्सनल लोन घेतात, क्रेडिट कार्ड घासतात. आणि घाईत एका दिवसात पाच ठिकाणी अर्ज करतात. त्या पाचही चौकशा रिपोर्टमध्ये उमटतात आणि आपला अधिकारी शेरा मारतो : ‘कर्जासाठी हपापलेला.’

रिपोर्टमध्ये गृहकर्ज कळतं, वाहनकर्ज कळतं, शैक्षणिक कळतं. आजारपण मात्र पर्सनल लोनच्या पोटात गडप होतं. छत्तीस महिन्यांच्या चौकटीत ०३०, ०६०, ०९० असे आकडे चढत जातात. नव्वद दिवस झाले की एनपीए. मग आपण एकरकमी तडजोड करतो, वसुली झाली म्हणून संचालक मंडळ टाळ्या वाजवतं, आणि रिपोर्टवर ‘सेटल्ड’ हा शेरा चिकटतो.

माझ्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्याचं सांगतो. बायकोचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या एका बँकेतलं त्याचं खातं थकलं. बायको गेली. त्याने दोन माग विकले आणि तडजोडीची रक्कम भरली. पुढे मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा सहकर्जदार बापच. बापाच्या रिपोर्टवर ‘सेटल्ड’, म्हणून मुलाचा अर्ज नामंजूर. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की सिबिल कमी आहे एवढ्यावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. पण त्या शाखेच्या टेबलापर्यंत ते कोण पोचवणार? त्या घरात बुडवेगिरी कोणी केली होती, हे मला या सभागृहातल्या कोणीही समजावून सांगावं.

सकाळच्या सत्रात दोन मुद्दे आले. पहिला, रिपोर्टमध्ये ‘वैद्यकीय कारण’ असा वेगळा रकाना करावा. सूचना करणारे माझे स्नेही आहेत, तरी माझा कडाडून विरोध. कर्ज उपसमितीच्या एका बैठकीत मी कानांनी ऐकलंय, अर्जदाराला कर्करोग होऊन गेल्याचं कळल्यावर एक सदस्य म्हणाले, “हा किती वर्षं काढणार? जामीनदार तरुण आहे ना, बघा.” रकाना केलात की प्रत्येक बैठकीत हेच वाक्य ऐकू येईल. आजाराचा कागद कर्ज देणाऱ्या बँकेच्या फाइलमध्येच राहावा, बाहेर त्याचं अक्षरही जाऊ नये.

दुसरा मुद्दा, सवलत दिली की प्रत्येक थकबाकीदार हॉस्पिटलची फाइल घेऊन उभा राहील. हे बोलणाऱ्यांपैकी किती जण वसुलीला घरोघर फिरलेत? मी फिरलोय. कोर्ट, भाऊबंदकी, पाऊस, व्यापाऱ्याने बुडवलं, सगळी कारणं ऐकली. खोटं आजारपण सांगणारेही भेटले, नाही असं नाही. पण डिस्चार्ज कार्ड मागितलं की दोन मिनिटांत खरंखोटं कळतं. तारीख असते, शिक्का असतो, बिलाची पावती असते. व्यापाऱ्याने बुडवल्याची पावती मला अजून कोणी दाखवलेली नाही.

आणि हे होऊ शकत नाही, असं कोणी सांगू नये. २०२० च्या मार्च ते ऑगस्टमध्ये हप्ते स्थगित झाले तेव्हा रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं होतं की, या स्थगितीची नोंद थकबाकी म्हणून क्रेडिट कंपन्यांकडे जाणार नाही. एका परिपत्रकाने काम झालं. नैसर्गिक आपत्तीत कर्जाचं पुनर्गठन केलं तरी खातं स्टँडर्ड राहू शकतं, त्यालाही नियम आहेत. पूर गावात शिरला तर खातं स्टँडर्ड, आणि संकट एकाच घरात शिरलं तर एनपीए, हा हिशेब मला नोकरीत असतानाही कधी कळला नाही. तेव्हा बोललो की वरून उत्तर यायचं, “भावनेवर बँक चालत नाही.” अहो, ज्या बँका सभासदांच्या दहा-वीस रुपयांच्या शेअरवर उभ्या राहिल्या, त्यांच्या अधिकाऱ्यांनी हे म्हणावं!

कामं काय करायची, तर एक समिती नेमू, नावं कार्यकारिणी ठरवेल. रिझर्व्ह बँकेकडे निवेदन द्यायचं. तोवर आपल्या हातात जे आहे ते करायचं : डिस्चार्ज कार्ड दाखवणाऱ्याला तेवढ्या महिन्यांची मुदत, हप्ता थकण्याआधीच मंजूर करून. पुढच्या तपशिलाचा विचार तरुण मंडळींनी करावा, माझ्यापेक्षा तुम्हाला संगणक बरा कळतो.

ठरावाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. एकच पान आहे. जेवणाला जाण्यापूर्वी वाचा, पटला तर सही करा; पटला नाही तर दुपारच्या सत्रात येऊन माझ्याशी भांडा, पण न वाचता पुढे जाऊ नका.