देवदूताचे प्रेम आणि माणसाची निवड



ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यात इंग्रजीतील लोकप्रिय प्रेमकादंबऱ्यांचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. तथापि २००५ नंतरच्या दोन दशकांत तरुण वाचकांनी ज्या पुस्तकांवर अक्षरशः उड्या घातल्या, त्यांत देवदूत, पतित देवदूत आणि दानव यांच्या मानवी प्रेमाच्या कथा बऱ्याच आहेत. त्यांना करमणूक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न दडलेला आहे : जे प्रेम आधीच विधिलिखित आहे, त्याला प्रेम म्हणावे काय?

या कथांचे कूळ प्राचीन आहे. देवपुत्रांना मानवकन्यांचा मोह पडल्याचा उल्लेख बायबलच्या उत्पत्तिग्रंथातच आढळतो. त्या परंपरेतील नियतीचा प्रश्न मिल्टनने १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात ऐरणीवर आणला. स्वर्गातून फेकले गेलेले काही दूत नरकातील एका टेकडीवर बसून नियती, ईश्वराचे पूर्वज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य यांवर वाद घालतात. त्या वादाला अंत सापडत नाही. मिल्टनची स्वतःची भूमिका मात्र स्पष्ट आहे. ईश्वराला पुढचे दिसते, पण त्याच्या दिसण्यामुळे ते घडत नाही. सक्तीने केलेल्या भक्तीला मोल नाही, म्हणून दूतांना आणि माणसांना चुकण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. ते फळ खाताना अ‍ॅडम फसलेला नसतो. ईव्हवाचून जगणे त्याला नको असते, म्हणून तो परिणाम जाणून ते खातो.

एकोणिसाव्या शतकात रशियन कवी लेर्मोंतोव्ह याने ‘दानव’ या दीर्घकाव्यात हाच प्रश्न प्रेमकथेत आणला. त्यातील शापित दानव जॉर्जियातील तामारा या तरुणीवर अनुरक्त होतो. तिचा नियोजित वर मारला जातो, ती मठात आश्रय घेते. तेथेही दानवाची आर्जवे तिचा पिच्छा सोडत नाहीत. त्याच्या चुंबनाने तिचा अंत होतो, आणि तिचा आत्मा देवदूत नेतो. दानव पूर्वीसारखाच एकाकी उरतो. त्याने प्रेमाची याचना केली, पण तामाराला निवडीसाठी मोकळी जागा ठेवली नाही, हे त्या काव्याचे मर्म आहे.

आता अलीकडच्या कादंबऱ्यांकडे वळू. लॉरेन केट यांची ‘फॉलन’ ही २००९ साली सुरू झालेली मालिका पुनर्जन्माच्या कल्पनेवर उभी आहे. डॅनियल हा देवदूत स्वर्ग आणि ल्युसिफर यांपैकी एक पक्ष घेण्याचे नाकारतो आणि प्रेमाची बाजू घेतो. त्यावर शाप असा, की त्याची प्रेयसी ल्यूस पुनःपुन्हा जन्म घेईल, त्याच्या प्रेमात पडेल आणि ऐन तारुण्यात मरेल. ‘पॅशन’ या तिसऱ्या भागात ल्यूस आपले मागील जन्म धुंडाळते. हे प्रेम तिचे स्वतःचे, की शापाने लादलेले, याची तिला खात्री हवी असते. मालिकेच्या अखेरीस दोघे अमरत्व आणि सगळ्या स्मृती सोडून मर्त्य जीवन पत्करतात, आणि पुन्हा अनोळखी म्हणून भेटतात. लेखिकेला प्रेम खरे ठरवण्यासाठी शेवटी विधिलिखितच पुसून टाकावे लागले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

बेका फिट्झपॅट्रिक यांची ‘हश, हश’ ही कादंबरीही २००९ चीच. तिच्यातील पॅच हा पतित देवदूत मानवी देह मिळवण्याकरिता नोराचा बळी घेण्याच्या हेतूने येतो. पुढे ती स्वतः प्राण देऊ करते, तेव्हा तो ते दान नाकारून तिला वाचवतो. हा क्षण निश्चितच उदात्त आहे. परंतु त्याआधी तिचा माग काढणे, तिला घाबरवणे, तिच्या अस्वस्थतेची मौज वाटणे, हे सारे गूढ आकर्षणाच्या नावाखाली खपवले जाते. दैवाने जोडी जुळवली आहे, असे एकदा मान्य केले की नायिकेची संमती विचारण्याची गरजच उरत नाही. कोवळ्या वयातील वाचकांच्या दृष्टीने या कथांतील खरा धोका तो आहे. भुताखेतांचा किंवा सैतानाचा नव्हे.

मराठी वाचकाला या ठिकाणी रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून परिचित असलेली दमयंती आठवल्यावाचून राहणार नाही. महाभारताच्या वनपर्वातील या कथेत इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचे रूप घेऊन स्वयंवराला बसतात. दमयंती सत्याला स्मरून त्यांना आपली खूण प्रकट करण्याची विनंती करते. देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांचे पाय भूमीला टेकत नाहीत. ज्याला घाम आला आहे, ज्याच्या अंगावर धूळ आहे, ज्याची सावली पडते, त्याच्या गळ्यात ती माळ घालते. अमरांना डावलून मर्त्याला वरणारी ही निवड पूर्णतः तिची आहे.

तिची किंमतही तिला मोजावी लागते. देवांना सोडून मानवाला वरले, या रागाने कली नळाच्या देहात शिरतो. मग द्यूत, वनवास आणि वियोग येतात. येथे दैव निवडीच्या आधी येऊन ती ठरवत नाही, निवडीनंतर येऊन तिची परीक्षा पाहते. आणि दमयंती त्याला शरण जात नाही. दुसऱ्या स्वयंवराची बातमी पाठवून ती आपल्या बुद्धीने नळाला परत आणते. दैव आणि पुरुषकार यांचा इतका समतोल विचार क्वचितच एखाद्या प्रेमकथेत आढळेल.

तेव्हा या नव्या कादंबऱ्या तरुणांच्या हातून काढून घेण्याचे कारण नाही. त्या वाचताना एक प्रश्न मात्र जवळ ठेवावा : या नायिकेला ‘नाही’ म्हणता आले असते काय? ल्यूसला हा प्रश्न पडतो, म्हणून तिची कथा उंची गाठते. नोराच्या कथेत तो बराच काळ कोणी विचारत नाही. दमयंतीने तर तो प्रत्यक्ष इंद्रासमोर सोडवला. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या ग्रंथालयाच्या फडताळावर या तिघी शेजारी शेजारी नांदल्या, तर तरुण वाचकाला तुलना करता येईल. तुलना करणारा वाचक आपली निवड सहसा दुसऱ्याच्या हाती सोपवीत नाही.