बायकांना दोन गडी जास्त

(बेलूर येथे मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कसा ठरला ते आधी सांगते. गेल्या वर्षी याच मैदानात रस्सीखेच झाली. शेवटी कुणीतरी टूम काढली की पुरुष विरुद्ध महिला असा एक सामना होऊन जाऊ दे. मी आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले, म्हणून पंचगिरी माझ्या गळ्यात. एक काका म्हणाले, "बायकांना दोन गडी जास्त द्या." त्यावर एक सूनबाई उसळून म्हणाली, "काही नको! आम्ही काय कमी आहोत?" आठास आठ घेतले. अर्ध्या मिनिटात महिलांचा संघ रेषेपलीकडे. पुरुष हसले, टाळ्या झाल्या, आणि ती मुलगी मात्र दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू दोरी मीच ओढली होती.

त्या रात्री माझ्या मनात आले, काकांचा हिशेब बरोबर होता आणि सूनबाईचा रागही बरोबर होता. हे दोन्ही एकाच वेळी कसे, तेवढेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट, फरक आहे, आणि तो लहान नाही. शाळेत मी दरवर्षी पाहायची. पाचवी-सहावीत धावण्याच्या शर्यतीत मुली मुलांना सहज मागे टाकतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुले एकेक करून बदलून येतात, आणि नववीपर्यंत तीच मुले हातभर पुढे गेलेली असतात. मुली आळशी झाल्या असे नव्हे. वयात येताना मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कैक पटींनी वाढते. त्याने स्नायू भरतात, हाडे जाड होतात, खांदे रुंदावतात, रक्तातले हिमोग्लोबिनही वाढते. अमेरिकेत २००० साली ४६८ माणसांचे स्नायू मोजलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या अंगात सरासरी ३३ किलो स्नायू, बायकांच्या अंगात २१ किलो. त्यातही कमरेच्या वरच्या भागात बायकांचे स्नायू ४० टक्क्यांनी कमी भरले, कमरेच्या खाली ३३ टक्क्यांनी. म्हणजे दंडात फरक जास्त, मांडीत कमी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हाताच्या पकडीत तर फरक फारच ठळक. जर्मनीत २००७ साली तरुण मुलामुलींची पकड मोजली. त्यात ज्युदो, हँडबॉल अशा खेळांतल्या कसलेल्या मुलीही होत्या. साध्या, काही न खेळणाऱ्या शंभर मुलांतल्या सुमारे पंचाहत्तर जणांची पकड त्या कसलेल्या मुलींच्या सरासरीपेक्षा जास्त निघाली. रस्सीखेचीत दोरी धरते कोण? पंजा. तेव्हा सूनबाई, तुझे काही चुकले नव्हते. सामनाच चुकीचा लावला होता.

खेळाच्या मैदानाने हा फरक फार शहाणपणाने हाताळलेला आहे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, बायकांचा ४ किलोचा. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम, बायकांचा ६००. टोकियो ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्यात बायकांच्या ५९ किलो गटात सुवर्णपदक २३६ किलोला मिळाले, पुरुषांच्या ६१ किलो गटात ३१३ किलोला. अंगाचे वजन जवळजवळ सारखे, तरी चौथा हिस्सा फरक. पण त्याच टोकियोत आपल्या मीराबाई चानूने ४९ किलो गटात दोन्ही प्रकार मिळून २०२ किलो उचलले. या मांडवात बसलेल्या पुरुषांपैकी कोण तिच्या जवळपास जाईल? हात वर करा. कोणी नाही. बघा, सरासरी ही सगळ्यांची मिळून असते, एकेकट्याची नसते.

आता कुणी म्हणेल, कुस्तीत एका बाईने पुरुषांना चीत केले होते ना? केले होते. अलीगढची हमीदा बानू. 'मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा' अशी तिची जाहिरात असे. मे १९५४ मध्ये वडोद्याला बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत पाडले. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०० किलोच्या वर. कोल्हापुरात तिने पुरुषाला हरवले तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. पुण्यातली तिची एक कुस्ती तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आले की बाई म्हणून बंदी नाही, कुस्त्या भरवणारे तिच्यासमोर नकली पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

माझे मत विचाराल तर काही कुस्त्या ठरवलेल्या असतीलही. त्या काळी पुरुषांच्या तरी सगळ्या कुठे खऱ्या होत्या? पण शंभरावर किलो वजनाची, रोज तालीम करणारी बाई साध्या गड्याला पाडू शकते, यात मला तरी अशक्य काही दिसत नाही. मन खिन्न होते ते पुढच्या गोष्टीने. परदेशात लढायला जाऊ नये म्हणून घरातच तिला मारून तिचे हात मोडले, असे तिच्या नातवाने पुढे सांगितले. भर मैदानात पुरुषांना लोळवणाऱ्या बाईचा जोर घराच्या चार भिंतींत चालला नाही. घरात कुणाचे चालते हे दंडावर ठरत नाही, हे मला तिच्याकडून कळले.

असाच आपल्या इथला एक दाखला नेहमी दिला जातो. बेळवडीची सावित्रीबाई देसाईण, कानडीत बेळवडी मल्लम्मा. १६७८ मध्ये सखूजी गायकवाडांच्या वेढ्यापुढे तिने आपली लहानशी गढी २७ दिवस झुंजवली. धारवाडजवळच्या यादवाडची शिवाजी महाराजांची शिळा तिच्या गोष्टीशी जोडतात. तिचा मान मोठाच. पण गढी २७ दिवस टिकते ती धान्य, पाणी, माणसे आणि निश्चय यांच्या हिशेबावर. ते दंडबैठकांचे काम नव्हे. तिचे नाव घेऊन 'बायकाही तितक्याच बळकट' असे सिद्ध करायला गेलो की आपण तिचे खरे मोठेपण सोडून भलतेच धरतो.

कुस्तीकडे परत येते. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ मध्ये, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मध्ये ६२ वर्षे गेली. ५७ किलोचा मल्ल १२५ किलोच्या मल्लाशी लढत नाही म्हणून त्याला कुणी कमी मानत नाही, त्याच्यासाठी वेगळा गट असतो. बायकांसाठी एवढा साधा गट करायला ६२ वर्षे कशाला लागली, याचे उत्तर शरीरशास्त्रात मला सापडलेले नाही.

आता घरचे बोलू. फरक जिथे मोजायला हवा तिथे आपण मोजत नाही, आणि जिथे त्याचा संबंध नाही तिथे मात्र तो पुढे करतो.

आमच्या हुबळी-धारवाडात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी यायचे. रात्री दोनला पाणी आले की भरलेल्या बिंदग्या कमरेवर घेऊन जिना कोण चढायचे? त्या वेळी कुणी म्हणाले नाही की हिचे स्नायू २१ किलो आहेत. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. तो मात्र 'तू नको उचलू, मी आहे ना' म्हणून आपण संध्याकाळपर्यंत दारातच ठेवतो! गंमत म्हणून सांगते, पण बायकांनी पाणी डोक्यावर आणि कमरेवर वाहिले यात एक शहाणपण होते. भार दंडावर न येता कमरेवर, पायांवर यायचा. आज ढोलपथकातल्या मुली ढोल कमरेला बांधून तासन्‌तास वाजवतात, त्यांचेही गमक तेच. मघाशी लक्षात ठेवा म्हटले ते हे.

बेलूरला कारखान्यांत नोकरी करणारे तुमच्यापैकी बरेच आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३४ होते. इजा होईल इतके ओझे कुणालाही उचलायला लावू नये, आणि पुरुष, बायका, किशोर यांच्यासाठी वजनाची मर्यादा राज्य सरकार ठरवू शकत असे. हे योग्यच. पण त्याच कायद्याच्या कलम ६६ ने बायकांना रात्रपाळी बंद केली होती. रात्री जागायला कुठला स्नायू कमी पडतो? दवाखान्यातल्या सिस्टर कायम जागत आल्याच की.

आमच्या यजमानांच्या कारखान्यात मुलींना पहिल्यांदा मशीनवर घेतले तेव्हा मोठी चर्चा झाली, ह्या पोरी एवढा जड पार्ट जमिनीवरून कशा उचलणार? शेवटी एका फिटरने कमरेच्या उंचीचा स्टँड करून दिला आणि एक हाताने ओढायचा हॉइस्ट बसवला. सहा महिन्यांत पुरुषांच्या पाळीनेही तोच मागून घेतला. त्यांच्याही कमरा दुखतच होत्या, फक्त पुरुष म्हणून बोलायची सोय नव्हती.

आता ज्यासाठी मी खरे तर आले ते बोलते. माझी आई.

आईने चाळीस वर्षे पाणी भरले, पाटा-वरवंटा केला, जमिनीवर बसून भाकऱ्या थापल्या. मग आम्ही कमावते झालो. मिक्सर आला, टाकी आली, कमोड आला, सुना आल्या. सगळे प्रेमाने म्हणू लागलो, "आई, तू बस आता." शारीरिक शिक्षणाची शिक्षिका असून मीही म्हटले. आई बसली. दहा वर्षे बसली. मग एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले, पण उभे राहायला मांडीत जोरच उरला नव्हता. त्यानंतर आई चालली नाही.

तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते, पुरुषांची आणि बायकांचीही. पण ज्याची शिल्लक ३३ आहे त्याचे काही वर्षे निभते. जिची २१ आहे तिला तळ लवकर लागतो. त्यात पाळी गेल्यावर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होतात. म्हणजे ताकदीचा व्यायाम जास्त गरजेचा कुणाला? बायकांना. आणि जिमला जाते कोण? घरातला मुलगा! सूनबाई योगासनांना, सासूबाई भजनाला. दोन्ही उत्तम, भजनाविरुद्ध माझे काही नाही, पण त्याने मांडी भरत नाही.

यात एक दिलासा आहे. व्यायाम सुरू केला की बायकांची ताकद टक्केवारीत पुरुषांइतकीच वाढते. मुळात कमी असते ती शिल्लक, वाढण्याची कुवत नव्हे. सत्तरीतही ती वाढते. पाण्याच्या दोन बाटल्या, एक जिना, एक खुर्ची, एवढ्यावर सुरुवात होते.

गेल्या वर्षीची ती सूनबाई आज पहिल्या रांगेत बसली आहे. माझ्याशी बोलायला लागली आहे. जूनपासून ती आणि कॉलनीतल्या अकरा जणी आठवड्यातून तीन दिवस याच मैदानात वजने घेऊन व्यायाम करतात. परवा रस्सीखेच आहे. यंदा तिने स्वतःच काकांकडे दोन गडी जास्त मागून घेतले आहेत, आणि काकांच्या चेहऱ्यावर आता थोडी काळजी दिसते.

बोलणे पुरे. खुर्चीवर थोडे पुढे सरकून बसा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेली ही सोपी चाचणी आहे. हात न टेकता पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायू कमी होत आहेत का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांनी आणि ज्यांना चक्कर येते त्यांनी आज नुसते बघायचे. काकू, तुमच्या शेजारी नात उभी राहू दे. काका, तुम्हीसुद्धा, हसू नका. हात छातीवर घ्या. मी शिट्टी वाजवते.