रुग्णातील सामर्थ्याचा शोध



मानसिक आजाराने ग्रासलेला मनुष्य उपचारासाठी येतो, तेव्हा त्याच्या तक्रारी अनेक असतात. झोप लागत नाही, कामात चित्त रमत नाही, जगण्यात रस उरलेला नाही. या तक्रारींची नोंद आवश्यकच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्या मनुष्याची ओळख अपुरी राहते. आजारातही त्याच्या ठायी काय शाबूत आहे, हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) या संदर्भात एक हकीकत सांगत असत. मिलवॉकी शहरातील एक वयस्क स्त्री खिन्नतेने एकाकी झाली होती. चर्चला जाण्यापलीकडे तिचा लोकांशी संबंध उरला नव्हता. एरिक्सन तिच्या घरी गेले, तेव्हा त्यांना निगुतीने जोपासलेली ‘आफ्रिकन व्हायोलेट’ची रोपे दिसली. तिच्या दुःखाची चिरफाड करण्याऐवजी त्यांनी सुचविले, की चर्चच्या परिवारात जेथे जन्म, विवाह, आजारपण अथवा मृत्यू घडेल, तेथे तिने एक रोप भेट द्यावे. तिने हा परिपाठ अनेक वर्षे चालविला आणि तिच्या निधनाने हजारो लोक हळहळले, असे ते सांगत.

पुढे १९७८ मध्ये त्याच शहरात स्टीव्ह डी शेझर व इन्सू किम बर्ग यांनी कुटुंबोपचार केंद्र स्थापन केले व या दृष्टीला पद्धतशीर रूप दिले. त्रास कमी असतो, त्या दिवशी काय वेगळे घडते, असे तेथे विचारले जाई. शून्य ते दहा या मापावर रुग्णाने आपली स्थिती तीन सांगितली, तर ती शून्य का नाही, असा पुढचा प्रश्न असे. उत्तर देताना रुग्णाला स्वतःचेच प्रयत्न दिसू लागत.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही येथे उल्लेखनीय आहे. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी नैराश्यग्रस्तांना सहा ते आठ बैठकांतून आनंद व समाधान देणाऱ्या कामांकडे पुन्हा वळविले. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांची प्रकृती अधिक सुधारली.

मात्र ‘मन घट्ट कर’ असा उपदेश म्हणजे सामर्थ्याचा शोध नव्हे. त्याने रुग्ण अधिकच खचतो. तसेच, सामर्थ्य आहे म्हणून औषधे बंद करणे धोक्याचे आहे. आत्महत्येचे विचार बोलून दाखविणाऱ्यास एकटे न सोडता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

उपचार तज्ज्ञांनी करावयाचे. परंतु घरच्या मंडळींना, शिक्षकांना व ग्रामसेवकांना एवढे निश्चित करता येईल. आजारी माणसाला ‘वेडा’ म्हणून बाजूस न सारता, त्याच्या हातून आजही जे काम नीट होते ते त्याच्याकडे सोपवावे आणि ते झाल्यावर त्याची आवर्जून दखल घ्यावी.