रांगेतला इंग्रज



इंग्रज माणसावर बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोनच रीती रूढ आहेत. एक तर त्याच्या शिस्तीचे पोवाडे गायचे, नाहीतर त्याने आपल्याला किती लुटले ह्याचा हिशेब मांडायचा. तो हिशेब खरा आहे आणि तो मांडलाच पाहिजे. पण आजचा विषय तो नव्हे. आपल्या वाडवडिलांनी जो इंग्रज पाहिला तो कलेक्टर, कर्नल किंवा गिरणीचा मॅनेजर, थोडक्यात, साहेब. मायदेशी बस हाकणारा, मासे तळून विकणारा, मागावर बारा बारा तास उभा राहणारा इंग्रज त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. आमचा जन्म गेला कामगारांत. शाळेतले शिक्षण सातवीला आटोपले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही बोलणार ते ह्या दुसऱ्या इंग्रजाविषयी. त्यातले काही वाचून जमवलेले आहे आणि काही कामगार-प्रतिनिधींच्या एका तुकडीबरोबर तीन आठवडे तिकडे हिंडताना पाहिलेले आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. 'इंग्रज' हा शब्द आम्ही जरा ऐसपैस वापरणार आहोत. ग्लासगोच्या माणसाला तोंडावर इंग्रज म्हणणे म्हणजे कोल्हापूरकराला पुणेकर म्हणण्यासारखे आहे. तो मारणार नाही, पण पुन्हा चहा विचारणार नाही.

त्या देशात पाऊल टाकल्याबरोबर कानावर पडणारा पहिला शब्द म्हणजे 'सॉरी'. गर्दीत तुमचा पाय त्याच्या पायावर पडला तर सॉरी तो म्हणतो! जणू काही त्याने आपला पाय तुमच्या बुटाखाली आणून ठेवण्याचा अपराध केला. लंडनबाहेरच्या गावांत बसमधून उतरताना प्रत्येक उतारू ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतो. आपल्याकडे कोणी कंडक्टरचे असे आभार मानले, तर बिचारा सुटे पैसे द्यायचे राहिले की काय म्हणून थैली चाचपील.

ह्याच सौजन्याचे दुसरे अंग म्हणजे सारे काही कमी करून सांगणे. जेवण फार आवडले तर 'वाईट नाही'. तुमची सूचना साफ अमान्य असली तर 'मोठी मनोरंजक सूचना आहे'. वाटाघाटीच्या टेबलाशी बसणाऱ्याने हा कोश पाठच करावा! पण ह्या सवयीची किंमतही मोजावी लागते. १९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियाच्या युद्धात इमजिन नदीकाठी एका ब्रिटिश पलटणीला चिनी सैन्याने चहूबाजूंनी घेरले. अमेरिकन सेनापतीने परिस्थिती विचारली, तेव्हा ब्रिटिश ब्रिगेडियरने आपल्या रीतीने सांगितले की जरा अडचणीचे आहे. अमेरिकन माणूस समजला की थोडेसेच बिनसले आहे, निभावून नेतील. ग्लॉस्टर रेजिमेंटच्या त्या पलटणीतली बहुतेक माणसे मारली गेली किंवा कैद झाली. संकटात असताना नम्रता थोडी बाजूला ठेवून मोठ्याने ओरडावे, असा धडा आम्ही त्यातून घेतला आहे. युनियनवाल्याला तो फारसा अवघड गेला नाही!

आता रांगेकडे वळू. इंग्रज माणूस एकटा असला तरी रांग लावून उभा राहतो, असा विनोद जगभर आहे. आमच्या एका सोबत्याने तिकडच्या बसथांब्यावर प्रयोगच करून पाहिला. थांब्यावर कोणी नसताना तो उगाच एका खांबाशी जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांत त्याच्यामागे चार माणसे! खांब बसचा नव्हता, दिव्याचा होता. पण विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही.

आपण हे पाहतो आणि म्हणतो, शिस्त त्यांच्या रक्तातच आहे. बंधूंनो, रक्तात बिक्त काही नसते. ही रांग पक्की झाली ती पोटाच्या काळजीतून. दुसऱ्या महायुद्धात ८ जानेवारी १९४० पासून तिकडे रेशन सुरू झाले. लोणी, साखर, मांस, चहा, कपडे, सारे मोजून. युद्ध जिंकले तरी रेशन संपले नाही. युद्धभर जो पाव खुला होता, तो युद्ध संपल्यावर १९४६ साली रेशनवर आला आणि दोन वर्षे राहिला. मांसावरचे शेवटचे बंधन उठले ते ४ जुलै १९५४ रोजी. चौदा वर्षे घरोघरच्या बाया पिशवी घेऊन दुकानासमोर उभ्या राहिल्या. त्यांना त्यात अभिमान वाटत होता असे समजू नका. त्या कंटाळल्या होत्या, चिडल्या होत्या. १९५० च्या निवडणुकीत चर्चिलसाहेबांनी मजूर सरकारची थट्टा करण्यासाठी 'क्यूटोपिया' असा शब्दच पाडला. त्याचा अर्थ रांगांचे रामराज्य! काल जी शिवी होती ती आज राष्ट्रीय गुण झाली.

आणि गुण तरी किती मोठा! सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथचे पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवले होते. दर्शनाची रांग थेम्सच्या काठाकाठाने पार साउथवर्क पार्कपर्यंत गेली. तिष्ठण्याचा अवधी एका वेळी चोवीस तासांवर पोचला. मनगटाला रंगीत पट्ट्या, आणि रांगेचे शेपूट कुठे आहे हे सांगायला सरकारी प्रक्षेपण! डेव्हिड बेकहॅम हा जगप्रसिद्ध फुटबॉलपटू त्यात बारा तासांहून अधिक उभा होता. राणीच्या गादीविषयी आमचे मत आपण ओळखालच. पण एक लक्षाधीश आणि एक सफाई कामगार एकाच रांगेत मागेपुढे उभे आहेत, हे दृश्य आम्हांला राजवाड्यापेक्षा मोलाचे वाटते. आपल्याकडे एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्यालाही आम्ही रक्ताचा दोष मानत नाही. गाड्या पुरेशा आणि वेळेवर सुटू द्या, रुमाल आपोआप खिशात जाईल.

रांगेनंतर चहा. ह्या पेयाबाबत इंग्रजांचे जे मतभेद आहेत, त्यांच्यापुढे आपले पंथोपपंथ फिके पडतील. आधी दूध की आधी चहा, हा त्यांचा सनातन वाद. जॉर्ज ऑरवेल हा मोठा लेखक. जन्म बिहारातल्या मोतिहारीचा. त्याने १९४६ च्या जानेवारीत चांगल्या चहाचे अकरा नियम एका वृत्तपत्रात छापले. त्या वेळी चहा रेशनवर होता, हे ध्यानात घ्या. त्याचे म्हणणे, आधी चहा, मग दूध, आणि साखर तर नकोच. पुढे १९८० साली त्यांच्या प्रमाणसंस्थेने चहाची चव तपासण्यासाठी तो कसा करावा ह्याचे सहा पानी प्रमाणपत्रक काढले. त्यात दूध आधी! ह्या सहा पानांबद्दल १९९९ साली त्या संस्थेला हास्यास्पद संशोधनाचे 'इग नोबेल' पारितोषिकही मिळाले.

चहाच्या नावाखाली आणखी एक फसगत आहे. लँकेशरसारख्या उत्तरेकडच्या कामगार मुलखात दुपारच्या जेवणाला 'डिनर' आणि संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतात. आमच्या तुकडीतल्या एका मित्राला एका कामगाराने सहा वाजता 'टी'ला घरी बोलावले. एक कप आणि दोन बिस्किटे एवढाच हिशेब धरून गृहस्थ पोटभर जेवून गेले. समोर आले ते बशी ओसंडेल एवढे पाय, बटाट्याचे काप आणि वाटाणे. यजमानीण काळजीने विचारते, "आवडले नाही का?" नाही म्हणायची सोय नाही. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण इंग्लंडातले वर्ग कळले. तिकडे माणसाचे उत्पन्न विचारणे असभ्य. पण दुपारच्या जेवणाला तो काय म्हणतो एवढे ऐकले की त्याच्या बापाचा धंदा बऱ्याचदा कळतो.

आणि ह्या चहामागे राबणारे हात कोणी पाहतो का? ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलचा इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी हा सामना पेनल्टीवर संपला. इंग्लंड हरले. साऱ्या देशाने दूरदर्शनसमोरून उठून एकाच वेळी विजेची किटली लावली. विजेची मागणी काही क्षणांत २८०० मेगावॉटने उसळली. अशा वेळेसाठी वेल्समध्ये दिनॉरविग येथे, आपल्या कोयनेसारखेच डोंगराच्या पोटात, १९८४ साली सुरू झालेले वीजकेंद्र आहे. वरच्या तळ्याचे पाणी खाली सोडून ते काही सेकंदांत हजाराहून अधिक मेगावॉट देते. जिथे हे केंद्र आहे तिथे पूर्वी पाटीच्या दगडाची खाण होती. ती १९६९ साली बंद पडली. देश हरल्याचे दुःख चहाने धुऊन काढतो, आणि त्या वेळी कोणीतरी कामगार चहा बाजूला ठेवून खटके दाबत असतो.

शनिवारचा फुटबॉल हीसुद्धा अशीच गोष्ट. सामना दुपारी तीनला का सुरू होतो? १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायकामुलांचे काम शनिवारी दोन वाजता थांबवले. त्यांच्याबरोबर गिरणीही थांबू लागली. हातपाय धुऊन मैदानावर पोचायला एक तास! १८८८ साली पहिली फुटबॉल लीग निघाली तेव्हा तिच्या बारा संघांपैकी सहा लँकेशरचे होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चिकाटीने. रविवारी उशिरा उठणाऱ्या मंडळींनी एकदा त्यांचे नाव घ्यावे, मग खुशाल कूस बदलावी.

इथवर आपण हसलो. आता जे सांगायचे ते हसत सांगता येणार नाही.

ब्रिस्टल शहरात बसथांब्यावरची रांग इतर शहरांसारखीच होती. वेस्ट इंडीजचा काळा माणूस पुढे असला तर गोरा मागे उभा राही. परंतु त्या बसवर कंडक्टर किंवा ड्रायव्हर म्हणून काळ्या वा आशियाई माणसाला घेत नसत. हा निर्बंध एकट्या कंपनीचा नव्हता. १९५५ साली तिथल्या युनियनच्या शाखेने, म्हणजे आमच्याच बिरादरीने, तसा ठराव केला होता. कारण काय, तर मूळ पगार तुटपुंजा, ओव्हरटाइमवर घर चाले, आणि नवी माणसे आली तर ओव्हरटाइम जाईल ही भीती. भीती आम्हांला समजते. ठराव समजत नाही. पगार वाढवून मागायचा तो मालकाकडे. दार लावून घेतले ते दुसऱ्या कामगाराच्या तोंडावर.

१९६३ च्या एप्रिलमध्ये गाय रीड-बेली ह्या तरुणाची मुलाखत ठरली, आणि तो वेस्ट इंडियन आहे असे कळताच ती रद्द झाली. पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिने हा झगडा चालला. शेवटी बसकामगारांच्या सभेनेच भेद उठवायला संमती दिली, आणि २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने तो उठवल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग नावाचा शीख तरुण तिथला पहिला बिगरगोरा कंडक्टर झाला. १९६५ आणि १९६८ साली वंशभेदाविरुद्ध कायदे झाले, त्यांमागे ह्या लढ्याचाही वाटा होता. आणि २०१३ साली त्या युनियनच्या वारस संघटनेने पन्नास वर्षांपूर्वीच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

ज्या देशात पाय तुडवला गेलेला माणूस क्षणात सॉरी म्हणतो, तिथे ह्या एका सॉरीला पन्नास वर्षे लागली. आम्ही हे इंग्रजांची फजिती म्हणून सांगत नाही. तोंडातली सॉरी फुकट असते, ठरावातली महाग असते, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो सर्व देशांना, सर्व संघटनांना, आमच्या संघटनेलाही लागू आहे.

तेव्हा इंग्रजाकडून काय घ्यायचे, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचा टाय नको, त्याचे हवामान तर नकोच. त्याची रांग मात्र जरूर घ्यावी, कारण दुबळ्या माणसाला धक्का न खाता पुढे सरकता येते ते रांगेतच. पण घेताना थोडी सुधारून घ्यावी. रांगेत उभे असताना आपण पुढच्याची पाठ पाहतो आणि घड्याळ पाहतो. अधूनमधून मान वळवून बाजूलाही पाहावे. तिथे कोणी असा उभा असतो की ज्याला रांगेत शिरूच दिलेले नाही. त्याला हाक मारणे हे शिस्तीविरुद्ध नाही.

 बाहेर चहाची व्यवस्था आहे असे कळते. आपली परीक्षा तिथेच होईल!