ठिणगी कीं पेट्रोल?

1980 च्या सुमारास मुंबई-पुणें रस्त्यावर एक दृश्य उन्हाळ्यांत हमखास दिसे. खोपोली सोडून बोरघाट चढूं लागलेली एखादी प्रीमियर पद्मिनी शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास बंद पडे. आंत बायकामुलें, टपावर सामान, भर दुपारचें ऊन. चालक चावी फिरवी. स्टार्टर जोरानें फिरे, पण इंजिन कांहीं सुरू होत नसे. जमलेल्यांपैकीं एक जण कार्बुरेटरला दोष देई, दुसरा कॉइलला. तिसरा तर कांहीं विचारण्यापूर्वींच स्क्रू पिळूं लागे. शेवटीं पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें घालीत. अर्ध्या तासानें गाडी सुरू होई, श्रेय फडक्याला मिळे, आणि घाटमाथा गांठण्यापूर्वींच ती पुन्हां थांबे.

चुकलें कोठें? निदानापूर्वीं उपाय झाला, हीच ती चूक.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या मागण्या मोजक्या आहेत. वजनानें एक भाग पेट्रोलला सुमारें पंधरा भाग हवा, असें मिश्रण. त्या मिश्रणावर पुरेसा दाब. आणि नेमक्या क्षणीं ठिणगी. सकाळीं धडधाकट निघालेल्या इंजिनाचा दाब वाटेंत एकाएकीं नाहींसा होणें विरळा. म्हणून प्रश्न दोनच उरतात : पेट्रोल पोंचतें कीं नाहीं, आणि ठिणगी पडते कीं नाहीं?

अडचण अशी कीं, उष्णतेमुळें हे दोन्ही पुरवठे सारख्याच रीतीनें खंडित होऊं शकतात. पद्मिनीसारख्या गाडीचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो व तो मागच्या टाकींतून पेट्रोल ओढून घेतो. या ओढीनें नळींतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला कीं द्रव लौकर उकळतो. चढावर इंजिन तापलेलें, वेग मंद, वारा अपुरा. अशा वेळीं नळींत वाफ धरते व पंप पेट्रोलऐवजीं वाफच ओढीत राहतो.

कॉइलचें कामहि नाजुकच. बॅटरीच्या 12 व्होल्टांपासून हजारों व्होल्ट निर्माण करणारी ही योजना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्यानें सिद्ध केली व 1910 च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत आली. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असतां कॉइलला सेकंदाला 100 ठिणग्या पुरवाव्या लागतात. तिच्यांतील बारीक तारेचा जोड तापून सुटला, कीं ठिणगी बंद. थंड झाल्यावर जोड पुन्हां मिळतो आणि ठिणगी परत येते. बिघडलेल्या कंडेन्सरचीहि बहुधा हीच तऱ्हा.

म्हणजे अर्ध्या तासाच्या विश्रांतीनें दोन्ही रोग तात्पुरते बरे होतात आणि पुरावा नाहींसा होतो! गाडी थांबल्यावरचीं पहिलीं पांच मिनिटें मोलाचीं, तीं यासाठींच.

प्रथम गाडी कशी थांबली, हें आठवावें. ठिणगी गेली तर इंजिन चावी काढल्यासारखें तत्काळ गप्प होतें. पेट्रोल अपुरें पडलें तर तें आधीं आचके देतें, खोकतें आणि मग थांबतें. हा नियम अपवादरहित नाहीं. म्हणून परीक्षा हवी. कॉइलकडून येणारी जाड तार डिस्ट्रिब्युटरच्या टोपणांतून काढून तिला एक जादा प्लग जोडावा, प्लगचें धातूचें अंग साध्या तारेनें इंजिनाच्या उघड्या धातूला बांधावें, व दुसऱ्यानें स्टार्टर फिरवावा. ठिणगी निळसर व कडक दिसली तर कॉइल निर्दोष. पिवळट व दुबळी दिसली, अथवा दिसलीच नाहीं, तर दोष विजेच्या बाजूचा. परीक्षेच्या वेळीं तार हातांत धरूं नये, आणि पेट्रोल सांडलेलें किंवा त्याचा वास येत असतां ही परीक्षा मुळींच करूं नये. यानंतर इंजिनांतील एक प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओला असेल तर पेट्रोल आलें, पण पेटलें नाहीं. जोंवर उत्तर मिळालें नाहीं, तोंवर कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावूं नये. नाहीं तर एका बिघाडाचे दोन होतात.

भारतांत 2000 सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटर गेला. त्यांच्या टाकींतीलच विजेचा पंप पेट्रोल दाबानें पुढें ढकलतो. त्यामुळें वाफेची पीडा पुष्कळच कमी झाली. बिघाडाचा संकेतांक संगणक दाखवितो. परंतु संकेतांक म्हणजे निदान नव्हे. एखादी ठिणगी चुकली कीं न जळलेला प्राणवायु धुराच्या नळींत जातो, आणि तेथील संवेदक ‘पेट्रोल कमी पडतें’ असा पुकारा करूं शकतो. दोष ठिणगीचा आणि आळ पेट्रोलवर! घाटांतला जुना घोटाळा असा यंत्राच्या तोंडूनहि ऐकूं येतो.

म्हणून पाना उचलण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न आजहि तोच आहे : ठिणगी कीं पेट्रोल? आणि त्याचें उत्तर जमलेल्या मंडळींकडून न घेतां इंजिनाकडूनच घ्यावें.