घाट, गाडा आणि घरची बाई

(मारुंजी येथे महिला मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बैलगाडा शर्यतीबद्दल बोलायचं म्हटल्यावर काहीजणी हसल्या. "तो पुरुषांचा विषय, आपण त्यात कशाला पडायचं?" असं एकीने विचारलंसुद्धा. त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या आपल्या पट्ट्यात शर्यत घाटात होते. चार बैल, हलका गाडा, पुढे घोडी, आणि गाड्यावर माणूस नाही. बारी काही सेकंदांत संपते. पण त्या सेकंदांसाठी वर्षभर राबतं कोण? शेण काढणं, पाणी पाजणं, चारा घालणं, खुराक शिजवणं. घाटात पुकारा होतो तो गाडामालकाचा. पहाटे चारला उठलेल्या बाईचं नाव कुठल्याच पुकाऱ्यात नसतं. एका बाईंनी मला सांगितलं, "बैलाला दूध-अंडी रोज जातात. पोरीला अंडं द्यायचं म्हटलं की हिशेब विचारतात." त्या बैलावर चिडलेल्या नव्हत्या. बैलाला लेकरासारखं त्याच सांभाळत होत्या. हिशेब कोणाच्या हातात आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

शर्यतीचा प्रश्न न्यायालयात बरीच वर्षं लढला गेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायदा बदलला, पण शर्यती लगेच सुरू झाल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी लागते, आणि काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे. हे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचा हक्क आपल्यालाही आहे. मुक्या जनावराला होणारा त्रास बाईला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या लढ्यात गाडामालक संघटित झाले, मोर्चे काढले, सगळ्याच पक्षांचे पुढारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मला त्यांचा हेवा वाटतो. कारण याच काळात आपल्या गावांतून दुसरी एक गोष्ट गाजावाजा न होता चालू होती. हिंजवडीला आयटी पार्क आला, जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि बहिणींच्या सह्या हक्कसोड पत्रावर घेतल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा केला. २००५ साली तो हक्क देशभर सगळ्या मुलींना, लग्न झालेल्यांनाही, मिळाला. बाप २००५ पूर्वी वारला असला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण त्यासाठी किती पुढारी आपल्या ओसरीवर आले? भाऊ लाखांचा बैल आणतो त्याला हौस म्हणतात, आणि बहिणीने वाटा मागितला की तिला हावरी म्हणतात.

बाहेरच्या जगातही शर्यतीचं मैदान बाईला सहज मिळालेलं नाही. अमेरिकेत डेटोना इथे चार किलोमीटर लांबीच्या फेऱ्याच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत होते. रस्ता कडेला उंच उचललेला, त्यामुळे वळणावरही वेग फारसा कमी करावा लागत नाही. १९७७ साली तिथल्या मुख्य शर्यतीत जॅनेट गथ्री उतरली, तिथे उतरणारी पहिली स्त्री. शिक्षणाने ती पदार्थविज्ञानाची, विमान-उद्योगात काम केलेली. पहिल्याच वर्षी ती बारावी आली. इंडियानापोलिसच्या मैदानावर तर १९७१ पर्यंत, मोटारी दुरुस्त करतात त्या जागेत बायकांना पाऊल ठेवायलाही मनाई होती. गथ्रीने हे दार उघडलं. पण पुढे तिची शर्यत थांबली ती पैसा लावणारं कोणी मिळेना म्हणून. हात कमी पडले नव्हते, थैली कमी पडली. दार उघडलं तरी थैली दुसऱ्याच्याच हातात राहिली, हे आपल्याला ओळखीचं वाटतं ना?

एक फरक मात्र आहे. गथ्रीने धोका स्वतः पत्करला होता. बैलाला कोणी विचारत नाही. आणि घरातला पैसा घाटात लावताना घरच्या बाईलाही कोणी विचारत नाही.

म्हणून मी शर्यत बंद करा असं म्हणत नाही, आणि बायकांनी गाडा पळवला की समता आली असंही म्हणत नाही. माझं म्हणणं साधं आहे. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे विचारा: यात्रेच्या वर्गणीचा आणि बक्षिसांचा हिशेब कुठे आहे? त्या दिवशी दारूबंदी राहील का? बायकांना बसायला सुरक्षित जागा आणि संडासाची सोय आहे का? घरी विचारा: बैल घ्यायचं ठरलं तेव्हा मी कुठे होते? आणि कोणताही कागद पुढे आला, तर वाचल्याशिवाय, दुसऱ्या कोणाकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नका. "आत्ताच कर, गाडी थांबलीय" असं कोणी म्हणालं, तर गाडी थांबू द्या.

घाटात सेकंद मोजले जातात. आपले तास कोणी मोजत नाही. ते आपणच मोजायला सुरुवात करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन गोष्टी आणा: आपल्या दिवसभराच्या कामाची यादी, आणि माहेरच्या व सासरच्या जमिनीचा सातबारा. त्यावर आपलं नाव आहे का, हे सगळ्या मिळून पाहू.