एक एकराचं अंगण

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचं राज्य आहे. तिथल्या बीॲट्रिस या लहानशा गावाजवळ, प्रेअरीत, म्हणजे गवताच्या अफाट माळरानात, ‘होमस्टेड’ हे संग्रहालय मी पाहिलं. मोटारी उभ्या करायची जागा तिथं मुद्दाम बरोबर एक एकराची आखली आहे. एकर केवढा, ते आधी पायांनी कळावं!

असे १६० एकर सरकार देत असे. २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी त्या कायद्यावर सही केली. किरकोळ फी भरा, घर बांधा, पाच वर्षं राहून जमीन कसा, की ती तुमची. एकट्या बायकांनाही ती मिळे. कायदा अमलात आला १ जानेवारी १८६३ ला, आणि त्याच दिवशी डॅनियल फ्रीमन यांनी नाव नोंदवलं. संग्रहालय उभं आहे ते त्यांच्याच जमिनीवर.

आवारात १८६७ सालची एक लाकडी झोपडी आहे. चौदा फूट बाय सोळा फूट. अख्खं कुटुंब त्यात राहिलं. ती पाहताना मला आजोबांची आठवण झाली. अडीच एकर जिरायतीवर त्यांचा जन्म गेला. ते असते, तर पहाटेपासून त्या रांगेत उभे राहिले असते!

पुढं एका भिंतीवर राज्यांच्या आकाराचे पत्रे आहेत. जेवढी जमीन वाटली, तेवढा पत्रा कापलेला. नेब्रास्काचा जवळजवळ निम्मा गेलेला. देशभरात वाटले सुमारे सत्तावीस कोटी एकर. मग मनात आलं, एवढी जमीन आली कुठून? याच भागात ओटो-मिझुरिया लोक राहत. १८५४ च्या करारानं त्यांचा मुलूख गेला. उरली बिग ब्ल्यू नदीकाठची राखीव जमीन. १८८१ साली तीही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. एकाला फुकट मिळालं, त्याची किंमत दुसऱ्यानं भरली होती.

बाहेर पुरुषभर उंचीचं गवत डोलत होतं. नांगरानं मोडलेलं हे रान १९३९ पासून पुन्हा लावलं आहे. गवत परत आणता येतं, बरं का! माणसं परत आणणं तेवढं सोपं नसतं.

आजोबा रांगेत उभे राहिलेच असते. पण त्यांच्या आधी त्या मातीवर कोण राहत होतं, हे मात्र आता मी विचारल्याशिवाय राहणार नाही.